ढिलं बेअरिंग

तात्याने बेअरिंग कानाशी धरून हलवलं, तोंड वाकडं केलं आणि माझ्या चपलेच्या अगदी जवळ पचकन थुंकला.

"हे बेअरिंग हाय का खुळखुळा?"

भजीवाला हसला. शेजारच्या आकाशपाळण्याचा मालक चहा प्यायला आला होता, तोही हसला. हसणारी माणसं मिळाली की तात्याला चेव यायचा. त्याने बेअरिंग भजीवाल्याच्या कानाशी नेऊन पुन्हा हलवलं.

"ऐक. वाजतंय का न्हाई? ने घरला, पोराच्या पाळण्याला बांध."

"मालक, ते तसंच असतंय," इलाही म्हणाला. "हातात ढिलं लागतंय. आत बसलं की आवळतंय."

"तू गप, इंजिनेरसाहेब. तुझ्या जल्माच्या आधीपासनं मी इंजिनं खोलतोय."

आता ही माणसं कोण ते सांगते. आमची विहीर होती. पाणी नसलेली, लाकडाची. जत्रेच्या माळावर उभ्या फळ्यांचा भलाथोरला गोल हौद ठोकायचा, वर सज्ज्यात तिकीट काढलेले लोक उभे करायचे आणि आतल्या भिंतीवर मोटारसायकल आडवी होऊन गरागरा फिरवायची. पाटीवर 'मौत का कुआँ' लिहिलेलं असायचं. आम्ही घरचे लोक नुसतं विहीर म्हणायचो. विहीर तात्याची, आणि तात्या म्हणजे माझा सख्खा चुलता. गाडी चालवायला तो स्वतः, मिरजेचा इलाही मुजावर आणि मी. इंजिनाची कामंही इलाहीच बघायचा. माझं नाव मथुरा, पण भोंग्यावर मी 'मिस रोझी, बंबईवाली' होते. मुंबई मी तोवर नकाशातसुद्धा नीट बघितली नव्हती.

तोंडावर मी तात्याला अहोजाहोच करायची. सांगताना मात्र आता एकेरीच येतं. येऊ दे.

लोक मला अजून विचारतात, त्या भिंतीवर भीती वाटायची का. भीती पहिल्या महिन्यातच मरते. उरते ती घाण. सज्ज्यातून पुढे रेलून बाप्ये नोट धरून उभे असतात. गाडी वरच्या लाल पट्ट्यापर्यंत चढवायची आणि एका हाताने ती नोट ओढून घ्यायची, हा खेळ. कुणाची नोट माव्याच्या थुंकीने ओली, कुणी नोट देताना मुद्दाम बोटं धरायला बघणार, कुणी वरून पिचकारी मारणार आणि ती नेमकी आपल्या गालावर येणार. खेळ संपला की मी राख लावून हात घासायची. पण एवढं चालवून घ्यायचं. पोट त्यावर होतं, आणि खरं सांगायचं तर गाडी एकदा भिंतीवर चढली की मला बरंही वाटायचं.

इंजिन मात्र चोख लागायचं. रस्त्यावर इंजिन जाम झालं तर माणूस गाडी ढकलत घरी जातो. विहिरीत इंजिन जाम झालं की मागचं चाक जागच्या जागी थांबतं, आणि भिंतीवर आडव्या असलेल्या माणसाला थांबायची सोय नसते. कऱ्हाडकडच्या एका विहिरीतला पोरगा असाच वरून खाली आला. जगला, पण कमरेखालचं अंग गेलं. त्याची आई त्याला सकाळी उचलून दारात बसवते आणि दिवस मावळला की उचलून आत नेते.

त्या जत्रेत माझी गाडी घरघरायला लागली. इलाहीने इंजिन खोललं तर क्रँकची दोन्ही बेअरिंगं गेलेली. क्रँक म्हणजे इंजिनातला फिरता दांडा. तो दोन्ही टोकांना बेअरिंगात बसतो, आणि बेअरिंगं बसतात इंजिनाच्या ॲल्युमिनियमच्या पेटीत. त्या पेटीला मेकॅनिक लोक चेंबर म्हणतात. जुन्या बेअरिंगांच्या छर्ऱ्यांवर, म्हणजे आतल्या गोळ्यांवर, देवीचे व्रण असावेत तसे खड्डे पडले होते. नवी जोडी आणायला मी आणि इलाही त्याच सकाळी एसटीने मिरजेला गेलो होतो.

दुकानदाराने काउंटरवर दोन जोड्या ठेवल्या. दिसायला जुळी भावंडं. एका जोडीवर नंबराच्या पुढे 'सी-थ्री' असं कोरलेलं, दुसरीवर नुसता नंबर. मी दोन्ही हलवून बघितली. सी-थ्रीवालं हाताला किंचित डुगडुगलं. दुसरं एकदम घट्ट, आवाज नाही की हालचाल नाही.

"हे घट्ट द्या," मी म्हणाले.

आमच्यातल्या कुणीही तेच म्हटलं असतं. विहीरवाल्यांना ढिलेपणाचा धसका असतो. रोज सकाळी पाना घेऊन फळ्यांचे नट आवळायचे, चाकाच्या तारा आवळायच्या, चेन आवळायची. एक ढिला नट म्हणजे एक मयत, हे आम्हाला दुधाबरोबर पाजलेलं. त्यामुळे ढिली वस्तू पैसे मोजून विकत घ्यायची, हे डोक्यात शिरतच नाही.

"बाई, हात पुढं करा," इलाही म्हणाला. त्याने माझ्या बांगडीकडे बोट दाखवलं. "ही खुळखुळती का न्हाई?"

"खुळखुळती."

"कासारानं अगदी चपून भरली असती, आणि उन्हानं हात सुजला असता तर?"

"रुतली असती."

"हे तेच हाय. चेंबरात ठोकून बसवलं की बाहेरची कडी दबती. क्रँक आत घुसवला की आतली कडी फुगती. वर इंजिन तापतंय ते येगळंच. छर्ऱ्यास्नी फिरायला जागा नको? ती जागा ह्या ढिल्यात हाय, घट्टात न्हाई."

दुकानदारानेही मान हलवली. "इंजिनाला हेच जातंय," तो म्हणाला. मला पटलं. आम्ही ढिली जोडी घेऊन आलो, आणि तात्या थुंकला.

मी तात्याला बांगडीचं सांगायला गेले, तर म्हणतो, "कासाराची अक्कल इंजिनाला लावतोय व्हय ह्यो?" भजीवाला पुन्हा खो खो हसला, आणि त्या हसण्यानेच सगळं ठरलं. तात्या एकटा असता तर कदाचित ऐकताही. चार माणसांत तोंड एकदा उघडलं की ते मागे घ्यायची सोय त्याच्याकडे नव्हती. तसाच उठून तो मिरजेला गेला, जोडी बदलून आणली आणि आल्या आल्या भजीवाल्याच्या कानाशी हलवून दाखवली.

"वाजतंय?"

"न्हाई बा."

"मग! बेअरिंग कसं मुकं पाहिजे."

इलाहीने ते बसवायला नकार दिला. भांडला नाही. हात पुसले, चिंधी खांद्यावर टाकली आणि म्हणाला, "मालक, गाडी तुमची, पुतणी तुमची. माझ्या हातनं हे व्हायचं न्हाई."

"न्हाई तर न्हाई. पाय धरू व्हय तुझं?"

बेअरिंग आत सरकायला चेंबर तापवावं लागतं. तात्याने भजीवाल्याची कढई उतरवली, चुलीवर त्याचाच तवा चढवला आणि तव्यावर चेंबर ठेवलं. काळं ऑइल जळायला लागलं, त्यात भज्यांच्या खवट तेलाचा वास मिसळला. तो वास माझ्या पदराला, केसांना चिकटून बसला. काम झाल्यावर भजीवाल्याने तवा बोळ्याने पुसला न पुसला आणि त्याच्यावर मिरच्या परतायला घेतल्या. लोक त्या मिटक्या मारत खात होते.

इंजिन जोडून झाल्यावर मी क्रँक हाताने फिरवून बघितला. फिरत होता, पण जरा जड.

"नवं हाय," तात्या म्हणाला. "दोन चकरांत मोकळं हुईल."

मी मान डोलावली. दुसरं काय करणार होते? माझे आईबाप गेले तेव्हा मी परकर नेसत होते, तेव्हापासून मला तात्याने वाढवलं. पोरीच्या जातीला विहिरीत कशाला उतरवता, म्हणून काकू भांडली. तात्या म्हणाला, पोटची असती तर तिलाही शिकवलं असतं. पहिल्यांदा मी भिंतीवरून घसरले तेव्हा माझं सोललेलं ढोपर धुताना तो सगळ्यांसमोर ढसाढसा रडला होता. गाडीतलं मला जे काही येत होतं ते त्याचंच. भिंतीवर असताना क्लचला बोट लावायचं नाही, हे त्याने मला वेताची काठी घेऊन शिकवलं. क्लच दाबला की चाकाचा जोर जातो आणि गाडी भिंतीवरून सुटते. इलाही काय, पगारी माणूस. तात्या म्हणजे तात्या. त्याने घट्ट म्हटलं तर घट्ट.

दुसरा दिवस जत्रेचा मुख्य दिवस. माळावर मुंगीला वाट नव्हती. खेळ सुरू व्हायच्या आधी माझी गाडी तपासायला तात्या स्वतः बसला. सज्ज्यात लोक भरायला लागले होते. मी विहिरीच्या तळाशी मधोमध उभी होते आणि इलाही दाराशी, हाताची घडी घालून.

इंजिन थंड होतं तोवर गाडी झकास चालली. तळाच्या तिरक्या फळ्यांवरून तात्या भिंतीवर चढला, वरून शिट्ट्या आल्या. फेऱ्या होत गेल्या. मग इंजिनाचा आवाज बदलला. ते इंजिन ज्याने रोज ऐकलंय त्यालाच कळावा एवढा बदल होता. ते कुंथायला लागलं, चढाला लागलेल्या बैलासारखं. लाल पट्टा बराच वर असतानाच तात्याने चढणं सोडलं. तेव्हा माझी नजर त्याच्या डाव्या हाताकडे गेली.

दोन बोटं क्लचवर होती. चुकून टेकलेली नव्हेत, वाकवून धरलेली. इंजिन जाम व्हायची धास्ती वाटली की माणूस बोटं अशी ठेवतो. जाम झाल्या झाल्या क्लच दाबला तर निदान मागचं चाक तरी सुटतं. तशाच बोटांनी तात्या भिंतीवरून तिरक्या फळ्यांवर आला, खाली उतरला आणि त्याने गाडी बंद केली. त्याची मिशी घामाने चिकटली होती.

"कशी हाय?" मी विचारलं.

त्याने आधी इलाहीकडे बघितलं. वर बघितलं तर भजीवाला आणि पाळणेवाला सज्ज्यातून वाकून बघत होते.

"लोणी," तात्या म्हणाला. "लोण्यावानी चाललीया. घाल जाकीट."

मला वाटलं, आपणच काहीतरी चुकीचं बघितलं. आपल्या माणसाबद्दल आधी असंच वाटतं.

"तात्या, तुमची बोटं क्लचवर हुती."

"कवा?"

"उतरताना."

"सवय."

ज्याने ही सवय लागू नये म्हणून माझ्या बोटांवर काठ्या ओढल्या होत्या, तो मला म्हणाला, सवय.

चमकीचं लाल जाकीट हातात होतं, ते मी घातलं नाही. "मग एक करू," मी म्हणाले. "पहिली फेरी तुम्ही मारा. लाल पट्ट्यापर्यंत. मग दिवसभर मी फिरवते."

"लोकांनी तिकीट काय माझं थोबाड बघायला काढलंय?"

"एकच फेरी, तात्या."

वरून 'रोझी, रोझी' सुरू झालं होतं. तात्याने गाडीकडे बघितलं. मग एकदम खाली वाकला आणि उजवी पोटरी दाबायला लागला. "गोळा आलाय गं. हे बघ, कसा दगड झालाय. सकाळपासनं हाय. मला न्हाई जमायचं. तू जा, मथे."

सकाळपासून त्याच पायाने तो माळभर हिंडला होता, तिकीटवाल्याला लाथ घातली होती, गाडीला किकही त्याच पायाने मारली होती. आता त्याने मला दोन पावलं लंगडून दाखवली. आख्खी हयात जो माणूस हात सोडून भिंतीवर फिरला, तो माझ्यासमोर पोराने शाळा चुकवायला करावं तसं सोंग करत होता, आणि ते सोंग मी खरं मानावं म्हणून तोंड कळवळल्यासारखं करत होता. माझ्या तोंडात पाणी सुटलं. ओकारी यायच्या आधी सुटतं तसं.

"मी जात न्हाई," मी म्हणाले. "आधी इंजिन खोला."

"इंजिन खोलायचं न्हाई."

"मग मी न्हाई."

त्याने दात ओठ खाल्ले, माझ्या मेलेल्या बापाचं नाव घेतलं आणि ताडताड शिडी चढून वर गेला. पायातला गोळा खालीच राहिला. वर जाऊन त्याने माईक हातात घेतला.

"मेहरबान, कदरदान! मिस रोझी यांची आज तब्येत बरी न्हाई. बाईमाणसाची अडचण हाय, मंडळी, समजून घ्या!"

सगळा सज्जा खिदळला. कुणीतरी वरून जे ओरडलं ते मी इथे सांगणार नाही. विहिरीला दार एकच, आणि त्याची वाट लोकांमधून जाते. मी त्या दाराने बाहेर पडले तेव्हा एक म्हातारा माझ्या नेसूच्या लुगड्याकडे निरखून बघत होता. त्याची नजर मला आजही पुसता येत नाही.

त्या दिवशीचे सगळे खेळ इलाहीने आपल्या गाडीवर एकट्याने ओढले. संध्याकाळी जेवायला बसलो तर तात्या पोटभर जेवला. हाडातला गर सुर्रकन ओढला, एकेक बोट चाटून साफ केलं आणि मला म्हणाला, "रस्सा घे की." मी त्याची ती दोन बोटं बघत होते. काकूने विचारलं, "पोरीचं काय बिनसलंय?"

"भ्याली," तात्या म्हणाला. "हुतंय असं. चरबी चढली की भ्या वाटतंय."

मी ताटावरून उठले. तरीही माझ्या मनात एक आशा चिवटपणे बसली होती. त्याला खरंच कळलं नसेल. इंजिनाचा आवाज बदललेला त्याच्या कानाला लागला नसेल, वय झालं. बोटं आपोआप गेली असतील. माणूस हट्टी असतो, अडाणीही असतो. हट्टी माणसावर रागावता येतं, आणि राग गेला की त्याच्याशी पुन्हा बोलताही येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या तंबूच्या दारात उभा राहिला आणि कुणी काही विचारलेलं नसताना मोठ्याने म्हणाला, "मी गावात दाढीला चाललोय. येळ लागंल. माझ्या माघारी त्या इंजिनाला कुणी हात लावायचा न्हाई. सांगून ठेवतो." आणि जाताना हत्यारांच्या पेटीची किल्ली चटईवर विसरून गेला. ती किल्ली तो आंघोळीला जातानासुद्धा कमरेला ठेवायचा.

इलाहीने किल्ली उचलली आणि फिस्सकन हसला. "मालक म्हंजे मालक. चीत झाले तरी पाठ लागू देत न्हाईत."

"तुला राग येत न्हाई?" मी विचारलं.

"राग करून काय करू, बाई? घरात खाणारी तोंडं हायेत. गाडी नीट झाल्याशी मतलब."

तो मिरजेला जाऊन परत केलेली जोडी पुन्हा विकत घेऊन आला. तीच ढिली जोडी. दुकानदार म्हणाला म्हणे, ही तर सासर-माहेर करायला लागली. पुन्हा भजीवाल्याची चूल, पुन्हा तोच तवा, तोच वास. भजीवाल्याने कढई आपणहून उतरवून दिली आणि चेंबरकडे पाठ करून कांदा चिरत बसला. त्यालाही सगळं समजलं होतं. सगळ्यांनाच सगळं समजलं होतं आणि प्रत्येक जण कुठेतरी दुसरीकडे बघत होता. मला त्या सगळ्यांचाच वीट आला.

इलाहीने घट्ट बेअरिंग ठोकून बाहेर काढलं. मी ते हातात घेतलं. आतल्या कडीवर निळसर, तपकिरी डाग पडले होते, दूध करपलेल्या भांड्याला पडतात तसे. एकदाच, थोड्या फेऱ्यांसाठी चाललेलं कोरं बेअरिंग.

"अजून दोन फेऱ्या, की जाम," इलाही म्हणाला.

नवं बसल्यावर मी क्रँक फिरवून बघितला. एका बोटाने फिरत होता. इंजिन जोडलं, चालू केलं, पुरतं तापू दिलं. आवाज शेवटपर्यंत बदलला नाही. गाडीत आता कसलाही दोष नव्हता, हे मला माझ्या कानांनी कळलं होतं.

तात्या उन्हं कलल्यावर आला. गुळगुळीत दाढी, मानेवर पावडरचे पांढरे पट्टे. थेट गाडीवर बसला. लाल पट्ट्यापर्यंत गेला, दोन्ही हात सोडले, सज्ज्याला सलाम ठोकला, आणि हसत खाली आला.

"बघितलंस?" तो म्हणाला. "परवाच सांगितलं हुतं, दोन चकरांत मोकळं हुईल म्हणून."

"व्हय मालक," इलाही म्हणाला आणि पाने पुसायला पाठमोरा बसला.

तात्याने खुंटीवरचं जाकीट काढून माझ्यापुढे धरलं. आवाज अगदी मऊ केला, मी ढोपर फोडून घेतलं होतं तेव्हाचा. "चल, पोरी. झालं गेलं गंगेला मिळालं. लोक वाट बघायला लागल्यात."

मी जाकीट घेतलं. "तात्या, एकच विचारते. परवाचं न्हाई, कालचं. गाडीवरनं उतरला तवा तुम्हाला कळलं हुतं का?"

"काय?"

"इंजिन आवळायला लागलंय ते."

मला 'नाही' ऐकायचं होतं. त्याने डोळे वटारावेत, शिव्या द्याव्यात, 'तुझ्यापेक्षा मला जास्त कळतंय' म्हणून माझ्या अंगावर यावं. मी विश्वास ठेवला असता. विश्वास ठेवायची माझी सगळी तयारी होती, एक हात मी जाकिटाच्या बाहीत घातलासुद्धा होता.

तात्याने इलाहीच्या पाठीकडे बघितलं. मग माझ्याजवळ सरकला. पावडरचा गोड वास आला. घरातली गोष्ट घरातल्या माणसाला सांगावी तसा तो माझ्या कानाशी कुजबुजला,

"अगं, त्याच्या देखत कसं कबूल करायचं?"

आणि माझ्याकडे बघून किंचित हसला. त्याला वाटलं, आता मला पटलं असेल.

मी हात बाहीतून बाहेर काढला. जाकीट गाडीच्या सीटवर ठेवलं. तंबूत जाऊन चार लुगडी पिशवीत कोंबली, काकूच्या पाया पडले आणि फाट्याकडे चालायला लागले. कुठे जायचं ते ठरलेलं नव्हतं. नात्यातली एक आत्या जतला होती, ती तेवढी आठवत होती. मागून इलाही धावत आला. "बाई, गाडी ठीक हाय आता. देवाची आण."

"ठाऊक हाय," मी म्हणाले. "मीच बघितलीया."

तो थांबला. मी पाळण्याच्या पलीकडे पोचले होते तेव्हा विहिरीवरचा भोंगा खरखरला.

"मथे! अगं ए मथे! माघारी फीर! इलाहीनं दुसरं बसवलंय, ढिलंच बसवलंय! माझं चुकलं हुतं, ऐकतीस का? मला कालच कळलं हुतं, माझं चुकलं! खेळाची येळ झालीया, लोकांनी तिकिटं काढल्यात, ये माघारी!"

भोंग्यावर माझं खरं नाव पहिल्यांदा आलं होतं. पाळणेवाल्याने पाळणा थांबवला. भजीवाला झारा हातात धरून उभा राहिला. सगळ्या माळाने ऐकलं, मीही ऐकलं, शब्द न् शब्द. आणि खोटं कशाला बोलू, त्या कबुलीने मला जेवढी शिसारी आली तेवढी सज्ज्यातल्या एकाही थुंकीने कधी आली नव्हती. माझ्या जिवासाठी जे त्याच्या तोंडातून निघालं नाही, ते संध्याकाळच्या खेळासाठी निघालं. फाट्यावर जतची गाडी लागली होती, तिच्यात जाऊन बसले.